बोखारे सरांचं गृहीत

मुख्याध्यापकांचं वाक्य संपायच्या आत बोखारे सर आभार मानायला उठून उभे राहिले, तिथून हे सगळं सुरू झालं.

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते. मुख्याध्यापक चहाचा कप घेऊन दारात आले आणि म्हणाले, "तालुक्याच्या वाचनालयातून फोन होता. मराठी भाषा दिनाला ते दरवर्षी एक शब्द घेतात आणि त्या एकाच शब्दावर व्याख्यान ठेवतात. यंदाचा शब्द आहे 'गृहीत'. वक्ता आपल्या शाळेतून मागितलाय. तेव्हा मी नाव दिलंय ते..."

"हा मी माझा नाही, शाळेचा सन्मान समजतो," बोखारे सर म्हणाले. त्यांच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसरा त्यांनी छातीवर ठेवला होता.

बाकीचे डब्यांवरून एकमेकांकडे बघू लागले. मग इंग्रजीच्या पुजा मॅडमनी सवयीनं टाळी वाजवली. एकटी टाळी फार वाईट दिसते, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. मुख्याध्यापक मोठे भिडस्त. वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळला आणि ते आपल्या खोलीत गेले. ते कोणाकडे बघून बोलत होते ते पाहून खोलीतल्या सगळ्यांना तो उरलेला भाग कळला होता. फक्त बोखारे सरांना कळला नव्हता, आणि त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

बोखारे सरांच्या बाजूनंही दोन शब्द सांगायला हवेत. मराठीचा शब्द, त्यावर मराठीत व्याख्यान, आणि शाळेत मराठीचा शिक्षक एकच. यात विचारायचं काय? सूर्य उद्या पूर्वेलाच उगवणार ना, असं कोणी शेजाऱ्याला विचारून येतं का?

त्याच संध्याकाळी सर वारंगा फाट्यावर मुन्नाच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसले. वाढदिवस, नियुक्ती, निधन, सगळ्यांचे फ्लेक्स मुन्नाच करायचा आणि त्याच्या मते तिन्हींत फरक फक्त फुलांचा. सरांनी हनुवटीला हात लावून काढलेला फोटो दिला. मुन्नानं त्यामागे उगवता सूर्य टाकला, एका बाजूला वीणा घेतलेली सरस्वती, आणि दुसऱ्या बाजूला काही कारण नसताना धबधबा. खाली ठळक अक्षरांत 'प्रमुख वक्ते मा. बालाजी बोखारे सर'. त्याखाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ'. मित्रमंडळ म्हणजे सर एकटेच होते, पण एकट्यानं शुभेच्छा दिलेल्या बऱ्या दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फ्लेक्स शिक्षक कॉलनीच्या वळणावर विजेच्या खांबाला चढला. दूध आणायला जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याखालून जाऊ लागला. सर स्वतःही दूध आणायला जाऊ लागले. एरवी ते काम त्यांच्या बायकोचं, शिवकन्याबाईंचं होतं.

रविवारी सकाळी नेमसिंग आडे सर घरी आले.

आडे सर त्याच शाळेत गणित शिकवत आणि कॉलनीत दोन घरं सोडून राहत. त्यांचा हेवा करणं हे बोखारे सरांचं जुनं काम होतं आणि ते काम ते सुट्टीच्या दिवशीही करत. आडे सरांच्या वर्गात पोरं गप्प बसत. त्यांच्या अंगणातला आंबा लावल्यापासून तिसऱ्याच वर्षी फळाला आला होता. बोखारे सरांच्या आंब्याला नुसती पानंच यायची, आणि तीसुद्धा आडे सरांच्या अंगणाकडे झुकलेली. वरून आडे सर स्वभावानं इतके गरीब की त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. ज्याच्यावर रागावता येत नाही त्याचा हेवा करणं फार दमवणारं असतं.

"फ्लेक्स भारी झालाय, सर," आडे सर खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले.

"मुन्नानं केलाय. मी नकोच म्हणत होतो."

"व्हय. फक्त एक गोष्ट हाय. मी तकलीफ देऊन राहिलो, राग मानू नका." आडे सरांनी कपाळ पुसलं. "हेडसरांनी नाव माझं दिलंय."

बोखारे सर आधी हसले. "कशासाठी?"

"बोलायसाठी."

"मराठीवर?"

"गृहीतावर. भूमितीत गृहीतकं असतात ना, तवा हेडसरांना वाटलं की हा शब्द आपल्या शाळेत माझ्याकडंच जास्त वापरात हाय. मी तर त्यांना न्हाई म्हन्लो होतो. अजूनबी तुमीच बोला, सर. मी आत्ता वाचनालयात फोन करतो."

आडे सरांनी भांडण केलं असतं तर बोखारे सरांना ते मानवलं असतं. पण समोरचा माणूस आपली वस्तू आपल्याच हातानं पुढे करत असेल तर ती घ्यायची तरी कशी? बोखारे सर उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "नको. तुम्हीच बोला. शब्दावर कोणा एकाची मालकी नसते." राज्य सोडून वनवासाला निघालेल्या माणसाचा आवाज त्यांना लागला होता. खिडकीतून नेमका फ्लेक्स दिसत होता.

शिवकन्याबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमी हेडसरला विचारलंच न्हाई?"

"विचारायचं काय त्यात?"

"अन् बाकीच्या मास्तरांला माहीत होतं?"

आडे सर बशीत बघत राहिले. बशीत बघण्यासारखं काही नव्हतं.

बातमी फिरायला दुपार लागली नाही. संध्याकाळी शेजारचे दगडोबा काका आले. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि जगातला कुठलाही प्रश्न म्हणजे उभा राहिलेला प्रवासी, त्याला कुठेतरी बसवलंच पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

"फ्लेक्स उतरवू नका," ते म्हणाले. "लोक वर बघत न्हाईत, पर कोनी काय उतरवून राहिलं की लगेच जमतात."

समोरच्या जमनाबाई दारातूनच म्हणाल्या, "रातच्याला वाऱ्यानं पडला म्हना."

"वारा कुठंय?"

"मी सांगते ना सगळ्यांला, होता म्हनून."

वाऱ्याची साक्ष देणारं माणूस तयार होतं, तरी सरांना ते पटलं नाही. ते रीतसर माणूस. सोमवारी शाळा सुटल्यावर ते ग्रामपंचायतीत गेले आणि फ्लेक्स उतरवायचाय, तेवढी शिडी आणि माणूस द्या, म्हणाले.

ग्रामसेवकानं विचारलं, "लावायची परवानगी घेतली होती का?"

"नाही."

"मंग आमच्या लेखी तिथं फ्लेक्स न्हाईच. जो न्हाई तो उतरवायला मी मानूस कसा देऊ?"

"पण तो आहे. सगळ्यांना दिसतोय."

"दिसतो ते तुमचं बराबर हाय. मी तरी काय म्हनून राहिलो? आधी लावायच्या परवानगीचा अर्ज करा. तो मंजूर झाला की फ्लेक्स होईल. झाला की मंग उतरवू. शिवाय खांब आमचा न्हाई, वीजवाल्यांचा. त्यांची ना-हरकत लागंल."

वीजवाल्यांच्या कचेरीत सर गेले तर तिथल्या माणसानं फ्लेक्सचं काही ऐकून घेतलंच नाही. खांबावर चढलं कोण होतं, एवढंच तो विचारत राहिला, आणि नाव लिहायला त्यानं पेन काढलं. सर आल्या पावली परतले.

शेवटी मुन्नानंच तोडगा काढला. उतरवायची भानगड कशाला, तो म्हणाला, एका शब्दावर चिकटपट्टी मारून देतो. 'वक्ते' हा शब्द झाकला की उरतं 'प्रमुख मा. बालाजी बोखारे सर', कशाचे प्रमुख हे लोक आपल्या मनानं ठरवतील. सरांना ते आवडलं. पण मुन्ना कामाला चोख. नुसती पांढरी पट्टी त्याला भकास वाटली, म्हणून त्यानं तिच्यावर कार्यक्रमाला साजेसा शब्द छापला. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावर लोकांना वाचायला मिळालं : 'प्रमुख श्रोते मा. बालाजी बोखारे सर'.

फाट्यावर चहाला गेलं की लोक विचारू लागले, "सर, ऐकायला कवा चाललात?"

माणसाच्या सहनशक्तीला सीमा असते. प्रमुख श्रोता तर प्रमुख श्रोता, बोखारे सरांनी ठरवलं. पहिल्या रांगेत बसायचं. आडे सरांना बोलू द्यायचं. आणि मग उठून असा एक प्रश्न विचारायचा की गणितवाल्यानं मराठीच्या शब्दाला हात लावणं म्हणजे काय, हे अख्ख्या तालुक्याला कळावं. त्या विचारानं त्यांना दोन घास जास्त गेले.

प्रश्नासाठी अभ्यास हवा. शाळेच्या कपाटातला मोठा शब्दकोश आणायला ते गेले तर तो आडे सरांनी घरी नेलेला. आडे सरांकडे मागायचा? त्यापेक्षा निरक्षर राहिलेलं बरं. मग ते पुजा मॅडमकडे वळले आणि सहज आठवल्यासारखं करून विचारलं की इंग्रजीत या गृहीताला काय म्हणतात.

"अझम्प्शन," पुजा मॅडम म्हणाल्या. "मूळ लॅटिन. स्वतःकडे उचलून घेणं, असा अर्थ. कोणी पदभार घेतला तरी तेच क्रियापद, सोंग घेतलं तरी तेच. ख्रिस्ती लोक मानतात की मेरी मातेला सदेह स्वर्गात उचलून घेतलं, त्या सणालाही अझम्प्शनच म्हणतात. आणि कोणी मोठेपणाचा आव आणला तर त्यालाही जुन्या इंग्रजीत हाच शब्द आहे."

"आवसुद्धा?" सर म्हणाले.

"हो, सर." मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सरांना उगीच वाटलं की केली असती तर बरं झालं असतं.

"हे आडे सरांना सांगू नका, म्हणजे झालं."

"त्यांना परवाच सांगितलं की. त्यांनी आधी विचारलं होतं."

झालं. स्वर्ग गेला, पदभार गेला, आवही गेला. सरांच्या हाती आता स्वतःची बुद्धी तेवढी उरली होती. तिच्यावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता. रात्रभर... म्हणजे जेवण झाल्यापासून झोप लागेपर्यंत, त्यांनी विचार केला आणि शब्द त्यांना आपोआप उलगडला. गृहीत. गृह. गृह म्हणजे घर. जे घरात आणून ठेवलं, ज्याची आता चौकशी करायची गरज नाही, ते गृहीत. गृहिणी, गृहस्थ, गृहपाठ, गृहीत. किती सोपं. एवढं सोपं आहे म्हणूनच गणितवाल्याला सुचणार नाही. शब्दकोश बघायची गरजच उरली नाही.

त्यांनी ते शिवकन्याबाईंना ऐकवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मीबी येऊन राहिले ऐकायला. मिना म्हन्ली, दोघी मिळून जाऊ." मिना म्हणजे आडे सरांच्या मंडळी.

"तू येऊन काय करणार?"

"तुमी काय करनार हाव? बसायचंच हाय ना."

व्याख्यान दुपारी होतं. वाचनालयाचं सभागृह म्हणजे पत्र्याचा लांबट हॉल, समोर पुरुष, उजव्या हाताला बायका, आणि मधे एक पंखा, जो फक्त अध्यक्षांना वारा घालत होता. वाचनालयाचे सचिव ग्यानोबा जमदाडे यांनी सगळ्यांचं स्वागत केलं. त्यांनी कॉलनीतला फ्लेक्स पाहिला असावा. "आपले प्रमुख श्रोते बोखारे सर" असं म्हणून त्यांनी सरांनाही एक गुलाब दिला. लोक हसले. सरांनी गुलाब मांडीवर ठेवला. तो खाली पडावा अशी त्यांची फार इच्छा होती, पण तो पडला नाही.

आडे सर उभे राहिले. पहिलं वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं हे पाहून बोखारे सरांना बरं वाटलं. पण माणूस बोलत गेला तसा सावरत गेला. भूमितीत म्हणे आपण मानूनच चालतो की दोन बिंदूंतून एक रेषा जाते. ते कोणी सिद्ध करून दाखवत नाही, पण ते मानलं नाही तर त्यावरची सगळी इमारत खाली येते. मग ते शब्दाकडे वळले. गृहीत हा शब्द ग्रह या धातूपासून आला. ग्रह म्हणजे धरणं, पकडणं. ग्रहण तेच, चंद्राला धरतं म्हणून. ग्राहक तोच, संग्रह तोच. एखादी गोष्ट धरून बसला की आग्रह, वाईट रीतीनं धरून बसला की दुराग्रह, आणि माणूस भेटायच्या आधीच त्याच्याबद्दल काही धरून बसला की पूर्वग्रह.

पुरुषांच्या बाजूचे बरेच लोक एव्हाना पेंगले होते. बोखारे सर मात्र टक्क जागे होते. ग्रह? हा माणूस ग्रह म्हणतो? घर सोडून?

"शंका असतील तर विचाराव्या," ग्यानोबा म्हणाले.

बोखारे सर उठले. गुलाब आता पडला. "वक्त्यांनी फार कष्ट घेतले," ते म्हणाले, "पण आपल्याच घराचा रस्ता ते चुकले, याचं वाईट वाटतं. गृहीत हा शब्द गृह यावरून आला, हे उघड आहे. जे घरात आलं, ज्याची चौकशी संपली, ते गृहीत. म्हणूनच घरातल्या बाईला आपण गृहिणी म्हणतो. यावर आडे सरांचं म्हणणं काय आहे?"

पेंगणारे जागे झाले. टाळ्यासुद्धा पडल्या, चांगल्या जोरात. घर हा शब्द लोकांना धातूपेक्षा जवळचा असतो. बोखारे सर त्या टाळ्यांत क्षणभर न्हाऊन निघाले.

आडे सर गोंधळले नाहीत. त्यांना उलट आनंद झालेला दिसला, आणि तेच वाईट होतं. "सरांनी चांगला मुद्दा काढला," ते म्हणाले. "गृहीत हे गृहावरून न्हाई, पर संबंध हाय. जुने व्याकरणवाले तर गृह हा शब्दच ग्रहावरून साधतात. जे धरून ठेवतं ते घर. म्हंजे सरांनी वाट बराबर धरली, फक्त उलट्या दिशेनं चालले. सरांचं अर्धं बराबर हाय."

अर्धं बरोबर. बोखारे सर खाली बसले. साफ चूक म्हटलं असतं तर वाद तरी घालता आला असता. मराठीच्या शिक्षकाला मराठीच्या शब्दात गणिताच्या शिक्षकानं भर सभेत पायऱ्यांचे मार्क दिले होते.

सभा जागी झाली आहे हे पाहून ग्यानोबांना उत्साह आला. "महिलांकडून कोणीतरी बोलावं. आपण आयुष्यात एखादी गोष्ट गृहीत धरली आणि ती निराळी निघाली, असा कोणाचा अनुभव?"

बायकांत कुजबुज झाली. मिनाताईंनी कोणाला तरी कोपरानं ढोसलं. आणि बोखारे सरांनी मान वळवून बघितलं तर शिवकन्याबाई पदर सावरून उभ्या होत्या.

"माझं माहेर साखऱ्याचं," त्या म्हणाल्या. "मला बघायला आले, तवा मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघून राहिले होते. जीप आली. जीपमधून मानसं उतरली. सगळ्यात फुडं एक उंच मानूस उतरला, आकाशी शर्ट, बाह्या वर केलेल्या. त्यानं आमच्या म्हाताऱ्याला हात धरून वट्यावर चढवलं. मी म्हन्लं, हाच नवरदेव. मला बाहेर बोलावलं तवा मान खाली घालूनच बसायचं होतं. मला नुसते पाय दिसले, अन् पाय सगळ्यांचे सारखेच असतात."

अध्यक्षांनी पंखा सोडून खुर्ची पुढे ओढली.

"रात्री आईनं विचारलं, पसंत हाय का. मी म्हन्लं, हाय. कुंकू लावायला बायकाच आल्या. मंग लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला. मी वर बघितलं, अन् मनात म्हन्लं, ह्यो कोन?"

असं हसणं त्या हॉलनं पूर्वी ऐकलं नसावं. पत्रे थरथरल्यासारखे वाटले. मिनाताईंनी तोंडात पदर कोंबला. अध्यक्ष टेबलावर ओणवे झाले. आडे सर, ज्यांना कधी कोणी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसत होते.

"अन् तो आकाशी शर्टवाला?" ग्यानोबांनी कसंबसं विचारलं.

"तो जीपचा डायवर होता."

हसणं ओसरायला पुन्हा वेळ लागला. ग्यानोबा म्हणाले, "मग ताई, आता काय?"

"आता काय, सर," शिवकन्याबाई खाली बसत म्हणाल्या. "धरलं ते धरलं."

आडे सर जागेवरून उठून म्हणाले की त्यांनी तासभर जे सांगितलं ते या तीन शब्दांत आलं. त्यानंतर आडे सरांच्या भाषणाबद्दल कोणी काही बोललं नाही. ग्यानोबांनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला शिवकन्याबाईंना यायचा आग्रह केला, आणि लोक बाहेर पडताना बोखारे सरांकडे असे बघत गेले की त्यांना एकदम अंतरपाटामागे उभं असल्यासारखं वाटलं.

उन्हं उतरताना दोघं मोटारसायकलवरून घरी निघाले. पेट्रोल पंप मागे पडला. आडे सर त्यांच्या मनातून पार पुसले गेले होते. एवढ्या वर्षांचा हेवा कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. तिथे आता एक उंच माणूस उभा होता, बाह्या वर करून.

"जीप कोणाची होती ती?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत. तुमी आनली होती."

हे खरं होतं. जीप सरांनीच ठरवली होती, स्वतः स्टँडवर जाऊन. आपल्या प्रतिस्पर्ध्याला आपणच भाड्यानं घेऊन गेलेला दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल.

"दिसायला कसा होता?"

"सांगितलं की. उंच होता."

"तोंडावरून?"

"तोंड कुठं आठवतं इतक्या वर्षांनी. शर्ट आठवतो."

सरांनाही तोंड आठवत नव्हतं, आणि याचा त्यांना जास्त त्रास झाला. ज्याचं तोंड माहीत नाही त्याचा हेवा करायचा तर तो कुठेही असू शकतो. समोरून ट्रक आला, सरांनी ड्रायव्हरकडे रोखून बघितलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

रविवारी सर हट्ट्याला चुलत्यांकडे गेले. चुलते त्या दिवशी जीपमध्ये होते. म्हाताऱ्यांना आता ऐकायला कमी येत होतं, पण आठवण शाबूत होती.

"डायवर? व्हय, देवला का काय नाव होतं त्याचं," चुलते म्हणाले. "लई कामाचा गडी. येताना टायर बसला. एकट्यानं उतरून बदलला गड्यानं. तू बाभळीखाली सावलीला बसला होतास."

"मी मदत केली नाही?"

"तू म्हनत होतास, हवा कमी झाली असंल, आपोआप भरंल."

सर उठले. परत येताना त्यांनी गाडी वसमतच्या बाजारात थांबवली आणि कापडाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं निळ्यातले बरेच रंग समोर टाकले. सर एकेक शर्ट उन्हात नेऊन आभाळाला लावून बघत होते. आभाळ मात्र त्या दिवशी जरा ढगाळ होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी तो शर्ट घातला. आरशासमोर उभं राहून बाह्या वर केल्या, खाली केल्या, पुन्हा वर केल्या. शिवकन्याबाई डबा भरून दारात आल्या आणि थांबल्या. त्यांनी शर्टाकडे बघितलं, मग सरांकडे.

"नवा आनला?"

"असाच," सर म्हणाले. "आडे सरांकडे एक निळा आहे." आडे सर अजून कशाला तरी उपयोगी पडत होते.

शिवकन्याबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "त्या दिवशी मी थोडं वाढवून सांगितलं," त्या म्हणाल्या. "आडे सर बोलत होते तवा आडे सर बोलत होते तवा लोक झोपून राहिले होते. ते बघून मला कसंतरी झालं. अन् मंग तुमी पडेल चेहरा करून बसला होतात."

सरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे ड्रायव्हर नव्हता?"

"होता की."

"आकाशी शर्ट?"

"होता."

"मग वाढवलं काय?"

"वाढवलं थोडं."

"किती?"

"लोक हसतील इतकं." त्या पिशवीत डबा ठेवू लागल्या. "आता हे घेऊन बसू नका. शाळेला उशीर होऊन राहिला."

त्यात काय खरं आणि काय वाढवलेलं, हे आता विचारूनही कळणार नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी आणखी वाढवून सांगितलं असतं. सर आरशाकडे वळले. शर्ट काढून टाकावा म्हणून त्यांनी गळ्याचं बटण सोडलं.

"राहू द्या," शिवकन्याबाई जाता जाता म्हणाल्या. "बरा दिसून राहिला."

बरा दिसतोय तो शर्ट की शर्टातला माणूस, की शर्ट बघून आठवलेला तिसराच कोणी, हे विचारायचं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी सोडलेलं बटण परत लावलं, डब्याची पिशवी उचलली आणि तिन्हींत आपल्याला जे हवं होतं ते गृहीत धरून ते शाळेला निघाले.